बालवाडीचे अंगण : किती वेळ, काय ठेवायचे आणि आपण कुठे उभे राहायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची चाळीसएक मुले आहेत. इमारतीच्या मागे मोकळे पण उघडेबोडके अंगण आहे, त्याच्या एका कडेला मोठे झाड आहे, आणि हे अंगण यंदा ‘विकसित’ करायचे असे व्यवस्थापनाने ठरवले आहे. एक घसरगुंडी, दोन झोपाळे आणि खाली रंगीत रबरी फरशी असा आराखडा तुमच्यापुढे आला आहे. सध्या मुले रोज अर्धा तास बाहेर जातात, महिन्यातून एकदा ‘निसर्गभेट’ होते, आणि तरीही कपडे मळतात, मुले आजारी पडतात, शिकणे मागे पडते, अशा तक्रारी पालकांकडून येतातच. तेव्हा निसर्गाधारित शिक्षण म्हणून नेमके कोणते उपक्रम घ्यावेत आणि अंगणात काय बसवावे, हे तुम्हाला हवे आहे.

उपक्रमांची यादी मी देणार नाही, कारण या वयात उपक्रम कोणता घेतला याला मी समजत होते तितके महत्त्व नसते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. तीच जागा मुलांना रोज मिळते का, सलग किती वेळ मिळते, आणि तिथल्या वस्तू त्यांना स्वतःच्या हाताने हलवता, उकरता, भिजवता येतात का, या तीन गोष्टी जमल्या की उपक्रम मुलेच काढतात. त्या जमल्या नाहीत तर सुंदर छापलेली उपक्रमपुस्तिका हातात असूनही मुले कुंपणापाशी रेंगाळत राहतात.

आधी वेळेचे बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटे धाप लागेल अशा जोमाची असावीत, असे म्हटले आहे. एका जागी बसून पडद्याकडे पाहण्याचा वेळ मात्र एका तासाच्या आत ठेवावा, असेही त्यात आहे. हा सगळा हिशेब शाळेनेच पुरा करावा असे नव्हे. पण मूल शाळेत तीन-चार तास असेल तर अर्ध्या तासात आपण त्याची फार बोळवण करतो. आणि मला मिनिटांच्या बेरजेपेक्षाही सलगपणाची चिंता अधिक वाटते. एकदा मी घड्याळ लावून नोंदी केल्या होत्या. बाहेर सोडल्यावर पहिली दहा मिनिटे मुले नुसती धावतात. पुढची दहा मिनिटे फावडे कुणाचे, झारी कुणाची, यात जातात, आणि बघणाऱ्याला वाटते की यातून काही निष्पन्न होत नाही. साधारण विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला कुणीतरी एक फळी ओढत आणतो, दुसरी तिच्याखाली विटेचा तुकडा सरकवते, तिसरा ‘इथून गाडी जाणार’ असे जाहीर करतो, आणि नेमकी तेव्हाच आपली घंटा होते. असे रोज होत गेले की मूल काही महिन्यांत शहाणे होते. मोठे काम पुरे होत नाही हे त्याला ठाऊक झालेले असते, म्हणून ते मोठे काम सुरूच करत नाही. त्यामुळे सलग एक तास ही मी किमान मर्यादा मानते, आणि दीड तास मिळाला तर तो घ्यावा.

हा तास कुठून काढायचा, असे तुम्ही विचारालच. बहुतेक शाळांत तो दिवसाच्या मधोमध खोचलेला असतो, आणि रांग लावणे, बूट घालणे, पुन्हा हातपाय धुणे यांत दोन्ही बाजूंनी वेळ कापला जातो. आम्ही दिवसच अंगणातून सुरू केला. मूल दप्तर अडकवते आणि थेट बाहेर जाते. सगळी येईपर्यंत आधी आलेल्यांचा खेळ चांगला रंगलेला असतो. निरोप घेताना रडणारी मुले अंगणात लवकर शांत होतात, हा वरचा लाभ.

आता जागेचे. महिन्यातून एकदाच्या निसर्गभेटीला माझा विरोध नाही, पण तिच्यावर तुम्ही खर्च करत असलेली शक्ती मला जास्त वाटते. तीन वर्षांच्या मुलाला नव्या बागेत नेले की त्याचे निम्मे लक्ष ताईंचा हात सुटला का याकडे असते आणि उरलेले गाडीकडे. बदल त्यालाच दिसतो ज्याला आधीचे पाठ असते. आमच्या अंगणातल्या झाडाच्या बुंध्यावरून मुंग्यांची एक रांग नेहमी एका खोबणीतून वर जायची. एका सकाळी साडेतीन वर्षांची एक मुलगी मला ओढत घेऊन गेली आणि म्हणाली, ‘मुंग्यांनी रस्ता बदललाय.’ रांग खरोखरच हातभर बाजूला सरकली होती, कारण खोबणीत रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते. मी त्या झाडाखालून रोज जात असूनही मला ते दिसले नव्हते. निसर्गाधारित शिक्षण म्हणतात ते एवढेच, आणि ते कोणत्याही सहलीत घडले नसते.

ही कल्पना नवी नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात खरीच बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे अशी तिची मांडणी होती. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत खुल्या हवेतली बालशाळा उभी केली, ती तर मुलांच्या प्रकृतीच्या काळजीतूनच. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी काम सुरू केल्यावर, मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी म्हणून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग केले. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्यातले अंगण मात्र ऐकू येईनासे झाले आहे, ही गंमत म्हणावी की खंत, तुम्हीच ठरवा.

तुमच्या आराखड्याविषयी बोलण्याआधी माझी एक चूक सांगते. फार पूर्वी एका शाळेत माझ्याकडे अंगणाची जबाबदारी होती. तिथे बांधकामातून उरलेल्या मातीचा कंबरभर ढीग पडून होता आणि त्यावर गवत उगवले होते. पाहुणे येणार म्हणून मी तो हलवला, जमीन सपाट करून घेतली आणि एक घसरगुंडी बसवली. महिन्याभरात अंगणातली भांडणे वाढली. घसरगुंडीवर एका वेळी एकच मूल बसते, बाकीची रांगेत उभी राहतात, आणि रांग म्हणजे ढकलाढकली. ढिगावर एकाच वेळी दहा-बारा मुले असायची : कुणी चढत, कुणी लोळत, कुणी मागच्या बाजूला बसून खड्डा करत. मी दहा जणांची जागा काढून एकाची जागा दिली होती. पुढच्या वर्षी मी तो ढीग परत आणवला, आणि ढीग नेणाऱ्या माणसानेच तो आणून टाकला, त्याचे त्या दिवशीचे हसू मला अजून आठवते.

घसरगुंडीला एकच उपयोग असतो, फळीला पन्नास असतात. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की मुले मुद्दाम बांधलेल्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात. त्यातून १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे भंगाराचे क्रीडांगण उभे राहिले. १९७१ मध्ये ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी हेच तत्त्व नेमक्या शब्दांत मांडले : एखाद्या जागेत किती शोध लागतील, किती कल्पना लढवल्या जातील, हे तिथे हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू किती आणि किती प्रकारच्या आहेत यावर ठरते. तेव्हा तुमच्या अंगणात मी आधी या गोष्टी आणीन : फळ्या, लाकडाचे ओंडके आणि कापलेल्या चकत्या, जुने टायर, प्लॅस्टिकचे क्रेट, दोराचे आखूड तुकडे, चादरी, नरसाळी, चाळण्या, झाऱ्या, डबे, शिंपले, गोटे आणि मुलांच्या हाताच्या मापाची पण खरीखुरी खुरपी. प्लॅस्टिकची खेळण्यातली खुरपी दुसऱ्याच दिवशी वाकतात आणि मुलाला वाटते, आपल्याला खणता येत नाही. टायरमध्ये पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून त्यांना तळाशी भोके पाडून घ्या. वाळूचा हौद मुलाच्या गुडघ्याहून खोल हवा, खाली पाण्याचा निचरा हवा, आणि पाणी वाळूपासून लांब नको, कारण कोरड्या वाळूचा काहीच आकार होत नाही आणि ती डोळ्यांत उडते.

सुट्या वस्तूंनी काय होते ते एका बादलीवरून सांगते. आमच्याकडे एका लहान बादलीला बुडाशी भोक पडले होते आणि ती टाकून द्यायची राहून गेली. चार वर्षांच्या एका मुलाने ती नळाखाली भरली आणि पंधरा-वीस पावलांवरच्या खड्ड्याकडे निघाला. पोचेपर्यंत बादलीत ओंजळभर पाणी उरले. तो परत गेला, पुन्हा भरली, या वेळी धावत निघाला. हिंदकळून जास्तच सांडले. तिसऱ्या खेपेला त्याने बादली छातीशी धरून भोकावर तळहात दाबला आणि खेकड्यासारखा तिरका चालत गेला. चौथ्या खेपेला त्याने भोकात ओल्या मातीचा गोळा बसवला. गोळा वाटेत विरघळला. मग त्याने पान लावून वर माती थापली, आणि ती टिकली. हे सारे अर्ध्या तासात झाले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नव्या शिक्षिका दुसऱ्या खेपेलाच चांगली बादली घेऊन निघाल्या होत्या. त्यांना मी दंडाला धरून थांबवले. नंतर आम्ही ती बादली मुद्दाम ठेवून दिली. चांगल्या बादल्या दोन होत्या, तरी भोकाच्या बादलीला नंबर लागायचे.

‘शिकणे मागे पडते’ या तक्रारीचे उत्तर याच प्रसंगात आहे, पण पालकांना ते जरा उलगडून सांगावे लागते. पेन्सिल धरण्यापूर्वी खांदा, कोपर, मनगट आणि मग बोटे अशा क्रमाने हाताला बळ यावे लागते. ओझे ओढणे, चढणे, चिखल मळणे, ओले फडके पिळणे यांतून ते येते. गिरवण्याच्या वहीतून येत नाही. उंचसखल जमिनीवर चालणाऱ्या मुलाला पावलागणिक तोल नव्याने सावरावा लागतो, जे गुळगुळीत फरशीवर कधीच करावे लागत नाही. भाषेचे तर विचारूच नका. ‘माती’ हा एक शब्द वर्गात शिकवता येतो, पण भुसभुशीत, चिकट, दमट, रखरखीत, ढेकूळ, मुरूम, गाळ हे शब्द हातात ती माती असतानाच बसतात, आणि ज्याच्या बोटांना भुसभुशीत कळले आहे त्याला तो शब्द पुन्हा सांगावा लागत नाही. दोन ढिगांत मोठा कोणता, फळीच्या दोन टोकांना सारखी मुले बसली तरी ती एकीकडेच का कलते, चार जणांत सहा गोटे कसे वाटायचे, हे सारे गणितच आहे. फक्त ते कागदावर नसल्याने पालकांना दिसत नाही.

बी पेरण्याचा उपक्रम सगळ्याच शाळा घेतात, म्हणून त्याविषयी एक सूचना. आम्ही घेवड्याच्या बिया लावल्या की दुसऱ्या दिवशी एक-दोन मुले त्या हमखास उकरून बघायची. आम्ही रागवायचो, मग ती गुपचूप उकरायची. बी मरायचे आणि मूल रडायचे. शेवटी आमच्यातल्या एका शिक्षिकेने विचारले की मूल उकरते ते चूक कसे, खाली काय चालले आहे हे कळायला त्याच्याकडे दुसरा मार्ग तरी कुठे आहे? तेव्हापासून प्रत्येक मुलाला तीन बिया मिळतात. एक मातीत लावायची आणि हात लावायचा नाही. एक मातीत लावायची आणि वाटेल तेव्हा उकरायची. तिसरी काचेच्या भांड्यात, ओल्या कागदाच्या आणि काचेच्या मध्ये धरून ठेवायची, म्हणजे मूळ आधी खाली जाते आणि कोंब नंतर वर येतो हे उघड्या डोळ्यांनी दिसते. भांडे उलटे केले तर दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळते. हे पाहिल्यावर मोठी माणसेही जरा वेळ गप्प होतात.

आजारपणाची तक्रार मी हलकी समजत नाही, पण तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि तो बंद खोलीत, एकमेकांच्या श्वासात बसल्याने अधिक पसरतो. मोकळ्या हवेने किंवा पाय ओले झाल्याने तो उत्पन्न होत नाही. मातीतून येणारा खरा त्रास जंतांचा आहे. म्हणून वाळूचा हौद खेळ संपताच झाकायचा, नाहीतर मांजरी त्याचा वापर करतात आणि त्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत येतात. अंगणात उघड्यावर शौच होत असण्याची जरादेखील शंका असेल तर अनवाणी खेळू द्यायचे नाही, कारण अंकुशकृमी हा जंत तळपायाच्या कातडीतून शिरतो. नखे कापलेली हवीत आणि आत येताना साबणाने हात धुवायलाच हवेत. धनुर्वाताची लस वेळापत्रकानुसार झाली आहे ना, हे प्रवेशाच्या वेळीच पाहून ठेवा.

मातीचा दुसरा पैलूही पालकांना सांगण्यासारखा आहे. फिनलंडमधल्या काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून पसरली, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिथे २८ दिवस रोज खेळल्यावर त्यांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढलेली आणि रक्तातले प्रतिकारशक्तीच्या नियमनाचे काही निर्देशक सुधारलेले आढळले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७५ मुले होती, म्हणजे अभ्यास लहान होता, आणि त्यावरून मातीत खेळणारी मुले आजारीच पडत नाहीत असा दावा कुणी करू नये. पण माती म्हणजे केवळ घाण, एवढे म्हणण्याची सोय मात्र त्यानंतर राहिलेली नाही. डोळ्यांविषयीचा पुरावा याहून भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला, आणि तीन वर्षांनी ऱ्हस्वदृष्टी, म्हणजे लांबचे धूसर दिसणे, त्या मुलांत ३०.४ टक्के तर इतर शाळांतल्या मुलांत ३९.५ टक्के आढळली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये छापले गेले. वर्गातला प्रकाश काही शे लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) असतो, बाहेर सावलीतही तो त्याच्या कितीतरी पट असतो. प्रखर प्रकाशात दृष्टिपटलात डोपामीन हे रसायन अधिक स्रवते आणि त्यामुळे डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांबट होण्याला आळा बसतो, असे याचे कारण मानले जाते. ती मुले तुमच्या मुलांपेक्षा मोठी होती हे खरे, तरी ज्या पालकांना मातीचे पटत नाही त्यांना चष्म्याचे पटकन पटते, हा माझा अनुभव आहे.

सुरक्षिततेविषयी मी ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे दोन शब्द वेगळे ठेवते. मुलाला दिसत नाही किंवा समजू शकत नाही तो धोका, आणि तो काढणे हे पूर्णपणे आपले काम आहे : गंजका खिळा, कुजलेली फांदी, उघडी टाकी. मुलाला दिसते, ज्याचा ते स्वतः अंदाज घेऊ शकते, ती जोखीम, आणि ती काढून घेतली तर अंदाज घेणे शिकायला त्याच्याकडे काही उरत नाही. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार नोंदवले : उंची, वेग, धारदार हत्यारे, पाणी किंवा आग यांच्याजवळचा खेळ, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड होणे. हे सहाही प्रकार तुमच्या अंगणात आजही चालू असणार. प्रश्न एवढाच की ते तुमच्या माहितीने चालतात की चोरून. उंचीसाठी माझा एकच नियम आहे : जिथे मूल स्वतः चढू शकते तिथे चढू द्यायचे, आणि कितीही हट्ट केला तरी त्याला उचलून वर ठेवायचे नाही. जे स्वतः चढले आहे ते बहुधा स्वतः उतरू शकते. वर गेलेल्या मुलाला ‘पडशील!’ असे ओरडू नका. जवळ जाऊन ‘आता पाय कुठे ठेवणार आहेस?’ असे हळू विचारा, म्हणजे त्याचे लक्ष तुमच्या आवाजाकडून पायाकडे जाते.

धोक्यांबाबत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. लहान मुलाचे डोके जड असते, ते दोन इंच पाण्यातही तोंडावर पडले तर बुडू शकते. म्हणून खेळ संपला की प्रत्येक बादली आणि टब उलटा झालाच पाहिजे. झोपाळा किंवा चढायची चौकट बसवणारच असाल तर खाली हिरवळ पुरत नाही, सुमारे ३० सेंटीमीटर जाडीचा मोकळ्या वाळूचा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा थर हवा आणि तो वरचेवर सारखा करायला हवा. कठड्यांच्या फटी साधारण ९ ते २३ सेंटीमीटरच्या दरम्यान असू नयेत, कारण तेवढ्या फटीतून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. गळ्याभोवतीच्या नाड्या, ओढण्या, ओळखपत्राच्या पट्ट्या चढण्यापूर्वी काढून ठेवायच्या. तीन वर्षांखालील मुले असतील त्या भागात ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी कोणतीही सुटी वस्तू ठेवायची नाही. रबरी फरशी आणि धातूची घसरगुंडी उन्हात भाजण्याइतकी तापतात. सोडण्यापूर्वी हाताची मागची बाजू टेकवून बघा. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, एरंड आणि गुंज ही झाडे आवारात असतील तर काढा, मग ती कितीही शोभिवंत असोत.

मोठ्यांनी कुठे उभे राहायचे, हा विषय कुठल्याच आराखड्यात नसतो. शिक्षिका एकत्र उभ्या राहून बोलू लागल्या की अंगणाचा निम्मा भाग कुणाच्याच नजरेत राहत नाही. एकीने पाण्यापाशी, एकीने उंचीपाशी राहावे आणि तिसरीने फिरत राहावे. फिरणारीने कमी बोलावे. मूल गोगलगाय बघत बसलेले असताना ‘हिला पाय किती? रंग कोणता?’ असे विचारले की ते गोगलगाय सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघू लागते, कारण आता परीक्षा सुरू झाली हे त्याला कळते. शेजारी उकिडवे बसून आपणही ती गोगलगाय बघावी. मुलाला काही विचारायचे असेल तर ते विचारील. उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, बघू या’ असे म्हणायला संकोच नको.

काही मुलांना चिखलाचा स्पर्श सहन होत नाही, आवाजाचा त्रास होतो, किंवा चालायला आधार लागतो. त्यांच्यासाठी वेगळा कोपरा नको, त्याच अंगणात वाट हवी. ज्याला चिखल नको त्याला काठी, ब्रश किंवा हातमोजा द्या आणि मागे लागू नका. आमच्याकडे एका मुलाने आठ महिने केवळ काठीने माती ढवळली आणि एके दिवशी काठी टाकून दिली. चाकाच्या खुर्चीसाठी एक घट्ट, सपाट वाट ढिगापर्यंत आणि पाण्यापर्यंत जायला हवी, आणि एखादा वाफा बसल्याजागी हात पोचेल इतक्या उंचीवर हवा. शिवाय चादरीने झाकलेला एखादा आडोसा सगळ्याच मुलांना लागतो. आतले मूल तुम्हाला दिसावे पण आपण दिसत नाही असे त्याला वाटावे, इतपतच तो झाकलेला असावा.

पावसाने खेळ बंद करू नका, कोरडे कपडे तयार ठेवा. वीज कडाडत असेल, हवा फार दूषित असेल किंवा ऊन कडक असेल तेव्हा मात्र आत राहणे बरे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच बाहेर पडावे.

पालकसभेत भाषण करू नका. ‘अंगणाचे कपडे’ म्हणून एक जुना जोड शाळेतच ठेवायला सांगा, म्हणजे निम्मी तक्रार कपाटात जाते. उरलेल्या निम्म्यासाठी दर आठवड्याला चार-पाच मुलांच्या घरी दोन ओळींची नोंद पाठवा, आणि तीत शेरा न देता घडलेले तेवढेच लिहा : ‘आज त्याने फळी तीन वेळा सरकवून पाणी हौदापर्यंत नेले, तिसऱ्यांदा त्याने वरचे टोक विटांवर ठेवले.’ आमच्याकडे अशा नोंदींचे कागद पालकांनी जपून ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि गुणांचे तक्ते कुठे गेले ते कुणालाच आठवत नाही.

व्यवस्थापनाशी बोलताना घसरगुंडीला सरळ नकार देऊ नका, तो वाद तुम्ही हराल. पहिली मागणी मातीच्या ढिगाची करा. मातीत काच, खिळे, बांधकामाचा राडारोडा नाही हे चाळून बघा आणि ढीग मुलांच्या खांद्याइतका उंच ठेवा. घसरगुंडी मिळणारच असेल तर ती या ढिगाच्या उतारावर बसवून घ्या, म्हणजे शिडी लागत नाही, पडायला उंची उरत नाही आणि रांगेत थांबायचे नसेल त्याला बाजूने लोळत येता येते. रबरी फरशीच्या जागी नळाला एक लांब नळी आणि वाळूचा हौद मागा. हे झाल्यावर पहिले दोन आठवडे कुठलेही रोप लावू नका. मुले कुठून धावतात, कुठे बसतात, कुठे लपतात, हे कागदावर रोज खुणा करून ठेवा, आणि ज्या जागांवर एकही खूण पडली नाही तिथेच खड्डे घ्या. बाकी कुठेही लावलेले रोप तुडवले जाईल, आणि त्यात चूक मुलांची नसेल.